रफी गेला त्या दिवशी

पाठवणीच्या वेळी तुमच्या मांडवात कुठलं गाणं लागलं होतं, आठवतंय का? सनई थांबते, गाडी दारात येऊन उभी राहते, आई ओटी भरायला पुढे होते आणि नेमकं तेव्हाच लाऊडस्पीकरवाला ते गाणं लावतो. 'नीलकमल'मधलं, बापानं लेकीला निरोप द्यायचं. तोवर कसंबसं आवरून धरलेलं रडू मग कुणालाच आवरत नाही. १९६८ सालचा हा सिनेमा तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिलाय कोण जाणे! मीही पाहिलेला नाही. पण गाणं मात्र चिपळूणपासून चाळीसगावपर्यंत सगळ्या मांडवांत पोचलं. मराठी लग्नात हिंदी गाणं का, असं कुणी विचारत नाही.

तो आवाज मोहम्मद रफींचा. ३१ जुलै १९८० रोजी ते गेले. दरवर्षी ती तारीख आली की पेपरात त्यांच्यावर लेख येतात, त्यांत गाण्यांच्या याद्या असतात, रागदारी असते. मला मात्र त्यांच्यासाठी रडलेल्या बायका आठवतात. लालबागच्या आमच्या चाळीतल्या. त्यांतल्या एकीनंही रफींना कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तरी घरातलं माणूस गेल्यासारख्या त्या रडल्या. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला ते नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्याआधी त्या माणसाची गोष्ट सांगायला हवी.

रफींचा जन्म २४ डिसेंबर १९२४चा, पंजाबात अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग या खेड्यातला. घरात गाणं नव्हतं. गावात एक फकीर गात गात फिरायचा, हा पोरगा त्याच्या मागे मागे जायचा आणि त्याची नक्कल करायचा. तोच पहिला गुरू म्हणायचा. पुढे वडील कुटुंब घेऊन लाहोरला गेले आणि तिथे त्यांनी केस कापायचं दुकान टाकलं. शिक्षण बेताचंच झालं, गाणं मात्र लाहोरात नीट शिकायला मिळालं. उस्ताद अब्दुल वहीद खाँ, पंडित जीवनलाल मट्टू, फिरोज निजामी अशा जाणत्यांकडे. मोठ्या भावाचे मित्र हमीदभाई यांनी या मुलाचा गळा ओळखला आणि १९४४ साली ते त्याला घेऊन मुंबईला आले.

मुंबईत उतरले कुठे? भेंडीबाजारात. दहा बाय दहाची खोली, दोघांत भाड्यानं घेतलेली. चाळीत दिवस काढलेल्यांना दहा बाय दहा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाय पसरला की भिंत लागते! तिथून हा विशीतला मुलगा स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवत फिरला. श्यामसुंदर यांनी 'गाँव की गोरी'त गाणं दिलं, नौशादनी कोरसात उभं केलं, मग ओळी दिल्या, मग गाणी. १९४७ साली 'जुगनू'मधल्या नूरजहाँबरोबरच्या गाण्यानं नाव झालं.

त्याच वर्षी फाळणी झाली. रफींची पहिली बायको बशीरा नात्यातलीच होती. दंगलीत तिचे आईवडील मारले गेले. तिनं भारतात राहायला नकार दिला आणि ती लाहोरला राहिली. रफी मुंबईत राहिले. तो संसार तिथेच संपला. बिल्किस यांच्याबरोबरचा त्यांचा संसार पुढे शेवटपर्यंत चालला, मुलंबाळं झाली. रफींवरच्या लेखांत बशीराला एखादीच ओळ मिळते. मी मात्र त्या ओळीवर दर वेळी थबकते. रेडिओला काही सरहद्द नसते. त्या बाईच्या कानावर तो आवाज पुढची तीसेक वर्षं पडत राहिला असणारच, शेजारच्या घरातून, चहाच्या दुकानातून. तेव्हा ती काय करत असेल? उठून खिडकी लावून घेत असेल की हातातलं काम थांबवून ऐकत असेल? याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

१९४८च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. राजेंद्र कृष्ण यांनी बापूंची जीवनकथा गाण्यात लिहिली, हुस्नलाल-भगतराम यांनी चाल दिली आणि गायला घेतलं चोवीस वर्षांच्या आतल्या रफींना. सगळा देश सुतकात असताना रडायला शब्द देणारा हा आवाज होता. पंडित नेहरूंनी रफींना घरी बोलावून ते ऐकलं आणि त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी त्यांना रौप्यपदक दिलं.

मग १९५२ साली 'बैजू बावरा' आला. दादरच्या ब्रॉडवे टॉकीजला तो लागला होता. संगीतकार नौशाद उमेदवारीच्या काळात याच ब्रॉडवेसमोरच्या फुटपाथवर झोपायचे, ही गोष्ट आमच्या भागात आजीनं नातवाला सांगावी तशी सांगितली जायची. या सिनेमातलं हरिदर्शनाचं भजन तुम्ही एकादशीला ऐकलं असेल. लिहिणारे शकील, चाल नौशादची, गाणारे रफी. आमच्या आजीला हे कुणीतरी मुद्दाम सांगायला गेलं, तर तिनं त्याला गप्प बसवलं आणि पुढचं भजन ऐकू दे म्हणाली.

त्यानंतरची वीस वर्षं रफींचीच होती. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत रेकॉर्डिंग व्हायचं, वाजवणाऱ्यांत धोबीतलावाकडे राहणारे गोव्याचे ख्रिस्ती वादक असायचे. दिलीपकुमारसाठी गायले की ते दिलीपकुमारचेच वाटायचे, शम्मी कपूरसाठी गायले की अंगात वीज शिरायची. जॉनी वॉकरसाठी 'प्यासा'त त्यांनी चंपी-मालिशवाल्याचं गाणं गायलं. केस कापायच्या दुकानदाराचा मुलगा मालिशवाल्याच्या तोंडचं गाणं इतकं मजेत गातो, यात मला फार आनंद वाटतो. 'सीआयडी'तलं मुंबईवरचं गाणंही त्यांचंच, गीता दत्तबरोबरचं. भेंडीबाजारच्या खोलीत राहून गेलेल्या माणसानं मुंबई किती अवघड आहे हे हसत हसत गावं, यापेक्षा योग्य माणूस कुठला मिळणार होता!

माणूस म्हणून त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं सापडत नाही. दारू नाही, पार्ट्या नाहीत, रेकॉर्डिंग संपलं की घर. पतंग उडवायचा नाद आणि बॅडमिंटन, एवढीच काय ती चैन. नव्या किंवा अडलेल्या संगीतकाराकडून नावापुरते पैसे घेऊन गायल्याच्या गोष्टी कितीतरी आहेत. गाण्याच्या रॉयल्टीवरून मात्र लताबाईंशी त्यांचं बिनसलं. लताबाई म्हणत होत्या की गाणं विकलं जाईल तोवर गाणाऱ्याला त्याचा वाटा मिळाला पाहिजे. रफींना वाटे, गायलो, पैसे घेतले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. इथे माझं मत लताबाईंच्या बाजूनं आहे. नोकरी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, हक्काचा पैसा सोडणं हा चांगुलपणा असेलही, पण सगळ्यांना तो परवडत नाही. पुढे समेट झाला, दोघं पुन्हा गाऊ लागले, ते आपलं नशीब.

मराठीतही ते गायले, ते दादरच्या श्रीकांत ठाकरे यांच्यामुळे. बाळासाहेबांचे धाकटे भाऊ, राज ठाकरे यांचे वडील. श्रीकांतजींना उर्दू उत्तम यायचं, त्यामुळे रफींशी त्यांचं जमलं. 'शोधिसी मानवा' हे गाणं आमच्या चाळीत सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा लागायचं. ते लिहिलंय वंदना विटणकर या कवयित्रीनं. आता गंमत बघा, आपला 'ळ' हिंदी-उर्दूत नाही. भल्या भल्या हिंदी गायकांच्या तोंडी त्याचा 'ल' होतो. रफींनी तो घोटून घोटून म्हटला. आमच्या मराठी शाळेच्या बाई शुद्धलेखनाच्या तासाला हे उदाहरण द्यायच्या, की पंजाबचा माणूस ळ म्हणतो आणि तुम्ही परळची पोरं परल म्हणता!

आता चाळीकडे येते.

लालबाग-परळ तेव्हा गिरण्यांचा भाग. तीन पाळ्यांचे भोंगे, त्यावर घरातली घड्याळं लागायची. माझे बाबा साचेखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. शेकडो मागांचा खडखडाट आठ-आठ तास. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. वर्षानुवर्षं तसं काम केलेल्या माणसांना हळू ऐकू येत नाही आणि हळू बोलताही येत नाही. घरी आले तरी बाबांचा आवाज खाली यायचा नाही. पाणी मागितलं तरी भांडण सुरू झालंय असं वाटायचं. शेजारच्या खोलीत तेच, त्यापलीकडे तेच. माझ्या बाबांनी आईवर कधी हात टाकला नाही, पण तिच्याशी हळू आवाजात बोललेलंही मला आठवत नाही. त्यांच्या हातात ते राहिलंच नव्हतं.

आणि फळीवरच्या रेडिओत हा एक पुरुष होता, जो हळू बोलायचा. विनवायचा. चुकलं तर माफी मागायचा. तिच्या रूपाचं कौतुक करायचा, ती रुसली तर वाट बघायचा, ती गेली तर रडायचा. दुपारी बायकांची जेवणं झाली, भांडी झाली की विविधभारती लागायची आणि आमची आई तांदूळ निवडता निवडता ऐकत बसायची. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते एरवी दिसायचं नाही. मला वाटतं, असं कुणी आपल्याशी बोलावं असं तिच्या मनात येत असणार. ती हे कधी बोलली नाही. त्या पिढीची कुठली बाई बोलेल?

सत्तरच्या दशकात दिवस पालटले होते. १९६९च्या 'आराधना'नंतर किशोरकुमारची लाट आली. रफींची त्यातही गाणी होती, पण लोकांच्या तोंडी दुसराच आवाज बसला. आमच्या गल्लीतली पोरं किशोरची झाली. बायका मात्र बदलल्या नाहीत. १९७७च्या 'हम किसीसे कम नहीं'मधल्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा नळावर हा विषय निघाला होता, जणू आपल्या चाळीतला पोरगा मॅट्रिकला पहिला आला! १९८०च्या जूनमध्ये 'कर्ज' लागला, त्यातलं त्यांचं गाणं सगळीकडे वाजत होतं. म्हणजे ते संपले होते असं नव्हे. परतले होते.

जुलैच्या अखेरीस त्यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे 'आस पास'साठी गाणं म्हटलं. तेच शेवटचं ठरलं, सिनेमा पुढच्या वर्षी लागला. ३१ जुलै, गुरुवार. रमजान चालू होता. त्या दिवशी वांद्र्याच्या घरी कोलकात्याहून आलेल्या मंडळींबरोबर बंगाली देवीगीतांचा सराव त्यांनी केला. मग छातीत दुखायला लागलं. आधी माहीमला नेलं, तिथून बॉम्बे हॉस्पिटलला, म्हणजे गिरगावच्या वेशीवरच. रात्री साडेदहाच्या सुमारास सगळं संपलं. वय अवघं ५५.

आमच्या चाळीत बातमी आली ती सकाळी, रात्रपाळी सुटून आलेल्या माणसांबरोबर. शुक्रवारचा दिवस, धो धो पाऊस. नळावर रांग होती. कुणीतरी जिना चढता चढता सांगितलं आणि रांगेतला आवाजच बंद झाला. कळशी भरून वाहत होती, तरी नळ कुणी बंद करेना. मग एकीनं पदर डोळ्यांना लावला आणि मग सगळ्याच.

आमच्या मजल्यावर एक मावशी खाणावळ चालवायच्या. नवरा लवकर गेलेला, गावाकडे शेत नाही. गावी बायकामुलं ठेवून आलेले वीस-बावीस गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे. खाणावळवाल्या बाईला सुट्टी नसते. त्या दिवशीही त्यांनी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या, कालवण केलं, दोन्ही पंगती वाढल्या. स्वतः मात्र घास घेतला नाही. माझ्या आईनं विचारलं तर पोट बरं नाही म्हणाल्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले तेव्हा त्या पेपरातला रफींचा फोटो कात्रीनं नीट कापत होत्या. भाताच्या शितानं तो त्यांनी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. भिंतीवर लावायची सोय नव्हती. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, आणि लोक काय म्हणाले असते?

बाबा कामावरून आले, आईचे सुजलेले डोळे पाहून त्यांनी विचारलं की गावाकडून काही तार आली का. आईनं सांगितलं. बाबांनी चप्पल काढली, बसले आणि तो तुझा कोण लागत होता, असं विचारलं. नेहमीच्या मोठ्या आवाजात, म्हणजे अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. आई काही बोलली नाही. त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. काका, मामा, भाऊ, दीर, यांतलं काहीच तो लागत नव्हता. आपल्याकडे रडायलासुद्धा नातं सांगावं लागतं. नातं असेल तर सुतक, नसेल तर खूळ.

पण रात्री जेवताना बाबांनी रेडिओ लावला. चाळीत रेडिओ तर सगळ्याच घरांत लागले होते, एकाच्या गाण्यात दुसऱ्याचं गाणं मिसळत होतं. बाबांनी आवाज वाढवला नाही. त्यांना तो नीट ऐकूही येत नसणार. तरी त्यांनी वाढवला नाही.

चाळीतली चार-पाच पोरं एल्फिन्स्टन रोडहून गाडीनं वांद्र्याला गेली होती. (त्या स्टेशनाला २०१८पासून प्रभादेवी म्हणतात.) रात्री भिजून चिंब होऊन परतली. सांगत होती की अंत्ययात्रेला एवढा पाऊस, पण गर्दी हटली नाही. हजारो माणसं, छत्र्या मिटून, चिखलातून चालत जुहूच्या कब्रस्तानापर्यंत. त्यांत टॅक्सीवाले, हमाल, भाजीवाले आणि सिनेमातली मोठमोठी मंडळी. बायका मात्र त्यांनी कुठे फारशा पाहिल्या नव्हत्या. त्या सगळ्या घरीच होत्या. नळावर, चुलीपुढे.

तुमच्या लक्षात आलं असेल, लिहिताना मी रफींना अहो-जाहो करतेय आणि वर मथळ्यात मात्र रफी गेला असं लिहिलंय. चाळीत कुणी त्यांना अहो म्हटलेलं मी ऐकलं नाही. विठोबाला आपण अहो म्हणत नाही, आईला म्हणत नाही. तसंच ते.

दीड महिन्यानं गणपती आले. आमच्या मंडळानं दरवर्षीसारखा ऑर्केस्ट्रा ठेवला होता. गाणाऱ्यानं रफींची चार-पाच गाणी म्हटली आणि शेवटी पाठवणीचं ते गाणं घेतलं. मांडवात लग्न नव्हतं, नवरी नव्हती. तरी बायकांच्या बाजूनं हुंदके यायला लागले. या वेळी कुणीही लपवलं नाही. खाणावळवाल्या मावशी तर मोठ्यानं रडल्या. गाण्याला रडतेय म्हणायची सोय होती ना!

त्यानंतर लालबागच बदललं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. साचेखातं बंद पडलं. बाबा घरी बसले आणि त्या घरात पहिल्यांदाच शांतता झाली, पण ती कुणाला नको होती. मावशींचे खाणावळीचे गडी एकेक करून गावाला गेले. मग मावशीही गेल्या, ट्रंक घेऊन. मी लग्न होऊन इकडे लहान गावात आले. आज आमच्या त्या चाळीच्या जागी टॉवर आहे.

रफींची कबरही तशीच गेली. जुहूच्या त्या कब्रस्तानात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा २०१० साली जुन्या कबरी काढून नव्यांसाठी जागा केली. मधुबालाची गेली, साहिर लुधियानवींची गेली, रफींचीही गेली. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, मुंबईत मेलेल्यांनाही खोली रिकामी करावी लागते. ही बातमी वाचून मी पहिला फोन आईला केला. तिला तेव्हा नीट ऐकू येत नव्हतं, दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. मग तिनं विचारलं की आता लोक फुलं कुठे वाहतात. मी पेपरात आलं होतं ते वाचून दाखवलं. कबरीच्या जवळ एक नारळाचं झाड आहे. २४ डिसेंबरला आणि ३१ जुलैला येणारी माणसं त्या झाडाच्या खुणेनं जागा ओळखतात आणि फुलं तिथेच ठेवून जातात.